हेडलाइट, जुन्या मोटारींचे : पुनरुज्जीवन व रूपांतर

जुन्या मोटारी व ट्रक यांचे समोरचे दिवे मूळ रूप राखून पुन्हा वापरण्याजोगे करण्याचे काम. आरंभीच्या दिव्यांत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून मिळणारा ॲसिटिलीन वायू जळे. पुढे विजेचे बल्ब आले. 1940 पासून अमेरिकेत काच, परावर्तक व तंतू एकसंध असलेला 7 इंची ‘सील्ड बीम’ रूढ झाला. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. त्याआधीच्या दिव्यांत खरी कसोटी परावर्तकाची. पितळी वाटीवरचा चांदीचा पातळ मुलामा काळवंडतो; तो अतिशय मऊ कापडाने, हलक्या हाताने उजळतात. खरबरीत पॉलिश लावले की मुलामाच निघतो. मग नव्याने चांदी चढवणे किंवा निर्वात कक्षात ॲल्युमिनियमचा थर देणे एवढेच उरते.

7 इंची घरात 60/55 वॅटच्या एच-4 हॅलोजन बल्बचा दिवा सहज बसतो. पण जुना स्विच तो भार पेलत नाही, म्हणून रिले व जाड वायर हवी. 6 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटला 12 व्होल्टच्या दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. प्रकाश मंद पडला की लोक बल्ब बदलत बसतात. दोष पुष्कळदा गंजलेल्या अर्थिंगचा असतो. अमेरिकी काचेचा डिपर उजवीकडे झुकतो. भारतात तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येतो, म्हणून काच डाव्या वाहतुकीचीच घ्यावी लागते.