माडगं, कण्या आणि कणगीतला हिशेब



मागं एका गटाच्या बैठकीला गेले होते. तालुक्याला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि आपल्या स्टॉलवर काय ठेवायचं यावर बोलणं चाललं होतं. कुणी पापड म्हणत होतं, कुणी शेंगदाण्याची चटणी. एक नवी सून म्हणाली, "जुन्या वळणाचं काहीतरी ठेवूया. माडगं, शेंगोळे, ताकातल्या कण्या. आजीच्या हातचं म्हटलं की शहरातली माणसं आवडीनं खातात." कोपऱ्यात एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, कण्या आमी आवडीनं न्हाई खाल्ल्या. जवारी पुरत न्हवती म्हणून खाल्ल्या."

सगळ्या हसल्या, बैठक पुढं गेली. मला मात्र ते वाक्य घरी आल्यावरही सुटेना. आजचं बोलणं त्यावरच आहे.

आमचा भाग माणदेशाचा. पाऊस थोडा, जमीन हलकी. खायला बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी. गहू सणाला. होळीला, पाडव्याला, बेंदराला पुरणपोळी व्हायची, म्हणून गहू जपून ठेवायचा. भात पाव्हण्याला किंवा आजाऱ्याला. रोज चपाती खाणारं घर म्हणजे मोठं घर. आज आपण पाव्हणा आला की हौसेनं चुलीवरची भाकरी करतो, तेव्हा पाव्हणा आला की चपाती करत होते. एवढं उलटं झालंय.

घरात धान्य असायचं ते कणगीत, नाहीतर भिंतीतल्या बळदात, नाहीतर जमिनीखालच्या पेवात. त्यातून रोज किती काढायचं हे घरातली मोठी बाई ठरवायची. तिच्याकडं वजनकाटा नव्हता, पण चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही मापं होती. सुगीपासून पुढच्या सुगीपर्यंतचे महिने बोटावर होते. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, पण वैशाखात कणगी किती खाली गेली ते नुसता हात घालून सांगायची.

आता थोडा हिशेब करूया. ज्वारीच्या एका भाकरीला शंभर ते सव्वाशे ग्रॅम पीठ लागतं. घरात बारा माणसं, माणशी एका वेळेला दोन भाकरी, दोन वेळा. म्हणजे ४८ भाकरी, पाच ते सहा किलो पीठ. रोजचं. कणगी खाली जायला लागली की एवढं पीठ काढून चालायचं नाही. मग भाकरी एका वेळेवर यायची आणि दुसऱ्या वेळेला कण्या. जात्यावर ज्वारी भरड काढायची, चाळायची. खाली पडलं ते पीठ भाकरीला, वर राहिल्या त्या कण्या. वाटीभर कण्यांना चार-पाच वाट्या पाणी घालून मऊ शिजवायच्या, मीठ घालायचं आणि ताक असेल तर ताक ओतून खायच्या. चार भाकऱ्यांच्या ज्वारीत आठ माणसं उठायची. पोट फुगायचं, भूक तासा-दोन तासांनी परत यायची, ते वेगळं.

आंबील तसंच. ज्वारीचं पीठ रात्री ताकात नाहीतर पाण्यात आंबवायचं, सकाळी लसूण-मीठ घालून शिजवायचं. देवीला आंबिलीचा नैवेद्य दाखवतात. आता जे घरात होतं तेच देवीला दिलं, की देवीला दिलं म्हणून घरात मान मिळाला, मला ठरवता येत नाही.

माडग्याचं जरा सविस्तर सांगते, कारण नव्या मुलींना ते ऐकून माहीत आहे, पाहून नाही. हुलगे निवडायचे, मंद आचेवर भाजायचे, जात्यावर भरडायचे, सुपात पाखडून टरफल उडवायचं, मग बारीक दळायचं. उकळत्या पाण्यात गूळ आणि मीठ घालायचं. पीठ वेगळं गार पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, त्यात सोडायचं आणि हात न थांबवता ढवळायचं. असली तर सुंठ, असलं तर दूध. थंडीच्या दिवसांत वाटीनं प्यायचं. काही घरांत गुळाऐवजी लसूण-जिऱ्याचं तिखट माडगं असतं. माणूस वाढलं की आजी तांब्याभर पाणी वाढवायची. तेवढ्यासाठीच माडगं होतं म्हणा ना. भाकरी मोजता येते, माडगं मोजता येत नाही, त्यामुळे उशिरा आलेल्याची पंचाईत होत नाही.

हुलगा हे तसं गरिबाघरचं धान्य. हलक्या माळरानात, दोन पावसांवर येणारं. बैलांना कामाच्या दिवसांत हुलगे शिजवून घालायचे आणि त्याचं पाणी फेकायचं नाही. त्याला लसणाची फोडणी दिली की झालं कढण, ते माणसांनी भाकरीबरोबर खायचं. दाणे बैलाला, पाणी आपल्याला. बैल मोडला तर शेत मोडलं, म्हणून.

आणखी एक गंमत सांगते. आपण म्हणतो भाकरी-ठेचा म्हणजे आपल्या वाडवडिलांचं जेवण. पण मिरची काही आपल्या मातीतली नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज इकडं आले त्यांच्या मागोमाग आली. भुईमूगही तिकडचा. त्याआधी आपल्याकडच्या बाया तिखटाला मिरी, आलं, सुंठ वापरत. म्हणजे जुनं-जुनं म्हणतो ते कधीतरी नवंच होतं, आणि कुणीतरी म्हातारीनं तेव्हाही नाक मुरडलं असणार.

आता हे पदार्थ गेले कसे? लोक म्हणतात, नव्या सुनांना करायला नको. मला हे पटत नाही. कण्या गेल्या त्या जात्याबरोबर गेल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, आधी तेलाच्या इंजिनावर, मग विजेवर. गिरणीत बारीक पीठ निघतं. भरड काढायची तर गिरणीवाल्याला वेगळं सांगावं लागतं आणि तो मूठभर धान्यासाठी दगड सैल करत नाही. जातं उंबऱ्याशी उलटं पडलं आणि कण्या ताटातून उठल्या. पण त्याचबरोबर पहाटे तीनला उठणं सुटलं, हेही सांगितलं पाहिजे. ते पाच-सहा किलो पीठ रोज बायांच्या दंडातून निघत होतं. एकीनं खुंटा धरायचा, दुसरीनं हात लावायचा, आणि झोप येऊ नये, दुःख हलकं व्हावं म्हणून ओवी म्हणायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लाखभर ओव्या! त्यांच्यामागं किती पहाटा असतील बघा. मला ओव्या फार आवडतात, पण गिरणी बंद करून जातं फिरवायला कुणी सांगितलं तर मी तयार नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे १९७२ चा दुष्काळ. त्याआधीची दोन सालंही बेताचीच होती, त्यात बहात्तरला पाऊस गेला. आमच्या घरातली कणगी त्या वर्षी तळाला घासली. गावंच्या गावं दुष्काळी कामावर गेली: रस्ते, पाझर तलाव, नाला बांध, खडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती, आणि त्यात बाया कमी नव्हत्या. माझी आई खडी फोडायला जात होती. मी लहान, मला झाडाखाली झोळीत ठेवायची.

खायला काय? रेशनवर मिलो आला. मिलो म्हणजे अमेरिकेतली तांबडी ज्वारी, तिकडं ती बहुतेक जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात. आई सांगते, त्याची भाकरी थापताना कडा तुटायच्या, तव्यावर टाकताना मोडायची, आणि गार झाली की चावता यायची नाही. आजी त्यात मूठभर हुलग्याचं पीठ मिसळायची, चिकटपणा यावा म्हणून. कामावर पोराबाळांना सुकडी मिळायची, गोडसर कोरडी. ज्यांनी ती खाल्ली त्यांना अजून तिची चव आठवते. रानात जे हिरवं दिसेल ते आणायचं. पाणी होतं तिथं तांदुळजा, पाथरी, घोळ. नव्हतं तिथं काहीच नाही.

या सालाबद्दल आईला विचारलं की ती दोन गोष्टी सांगते. एक मिलोची भाकरी. दुसरी, आठवड्याचा पगार पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या हातात पडला. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यातून पुढं रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशभरासाठी तसाच कायदा आला. त्यामागं बहात्तरच्या खडीवरच्या बाया होत्या. पहिल्या पगारातून आईनं काय आणलं असेल? गूळ. हुलगे घरात होते, गूळ नव्हता.

दुष्काळानंतर रेशनचा गहू घराघरात रुळला. त्याच्या आगेमागे संकरित ज्वारी आली, पाट आला तिथं ऊस आला, मराठवाड्यात पुढं सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी मागं हटली. तणनाशक आलं तशी बांधावरची पाथरी आणि घोळही गेली. आमच्याकडं मालदांडी शाळू अजून आहे, पण बाजारात चांगला शाळू गव्हापेक्षा महाग. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं. गरिबाची भाकरी महाग झाली, आणि गरीब रेशनच्या गव्हाची चपाती खातो. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं मलाच वेड्यात काढलं असतं.

या सगळ्यातलं पुस्तकात किती आलं? मराठीत स्वयंपाकाची पुस्तकं जुनी आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' तर कित्येकींना लग्नात मिळालेली. चांगली पुस्तकं आहेत, मीही वापरते. पण ती ज्यांच्या फडताळात सगळं जिन्नस आहे त्यांच्यासाठी. ज्या घरात आज काय आहे यावरून काय शिजवायचं ते ठरायचं, तिथली कृती कुणी लिहिली नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. त्यात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं अन्न पहिल्यांदा एवढं सविस्तर आलं, कुठल्या जातीच्या वाट्याला काय येत होतं आणि का, त्यासकट. मिळालं तर गटात वाचून बघा. काहींना वाचताना जड जाईल, म्हणून तर वाचा. 'आपलं जुनं जेवण' म्हणताना आपण कुणाचं धरतो, हा प्रश्न त्यातून पडतो.

आणि घरातल्या घरात तरी सगळ्यांचं एक होतं का? आधी पुरुष, मग पोरं, मग म्हाताऱ्या, शेवटी सुना. माडगं ढवळताना कितीही जपलं तरी बुडाला लागतंच. ती खरवड उलथन्यानं काढून पाणी घालून खायची, ती आईच्या वाट्याची. "मला खरवडच आवडते," असं ती म्हणायची आणि आम्ही पोरं खरंच समजायचो. हुलग्यात लोह आहे, प्रथिनं आहेत, हे आता डॉक्टर सांगतात. पण ते ज्या बाईनं भाजलं, भरडलं, पाखडलं, शिजवलं, तिच्या वाटीत किती पडत होतं? आजही आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. पदार्थ जुने गेले, ही पंगत अजून पुरती गेलेली नाही.

त्या गटानं शेवटी माडग्याचं पीठ ठेवलं. भाजून, टरफल काढून, गिरणीत दळून, अर्ध्या किलोच्या पिशव्या. किंमत ठरवताना बराच वाद झाला. हुलग्याचा, गिरणीचा, पिशवीचा खर्च धरला होता. भाजण्या-पाखडण्याचे तास कुणीच धरले नव्हते. त्या कोपऱ्यातल्या आजींनीच विचारलं, "आन हाताचं काय?" मग किंमत वाढली. पिशव्या तरीही संपल्या.

यंदा थंडीत माहेरी गेले तेव्हा त्यातलीच एक पिशवी नेली होती. गॅसवर माडगं केलं, दूध-सुंठ सगळं घालून. पहिली वाटी भरली ती आईच्या पुढं ठेवली. तिनं वाटी हातात घेतली, तोंडाशी नेली, आणि थांबून विचारलं, "बाकीच्यांचं झालं का गं?"