लाईट गेल्यावर जनरेटर आपोआप कसा सुरू होतो? एएमएफ कंट्रोलरचं काम समजून घ्या

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० च्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या परिसरातली वीज अचानक गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद पडले आणि काही भागांत वीज परत यायला कित्येक तास लागले. अशा वेळी सोसायटीची लिफ्ट किंवा हॉस्पिटलमधलं आयसीयू थोड्याच सेकंदांत पुन्हा सुरू होतं, तेव्हा बहुतेक ठिकाणी कुणी धावत जाऊन जनरेटरची चावी फिरवलेली नसते. ते काम जनरेटरच्या पॅनलवर बसवलेला, साधारण वहीच्या पानाएवढा एक डबा करतो. त्याला म्हणतात एएमएफ कंट्रोलर.

एएमएफ म्हणजे ऑटो मेन्स फेल्युअर. मेन्स म्हणजे वीज कंपनीकडून येणारा पुरवठा. तो गेला की जनरेटर सुरू करायचा, लोड त्याच्यावर टाकायचा आणि पुरवठा परतला की सगळं पूर्ववत करायचं, एवढंच हे काम. ऐकायला सोपं वाटतं, पण यातल्या प्रत्येक टप्प्यावर थांबायचं किती आणि कधी, हे ठरवण्यातच खरी मेख आहे.

लाईट गेल्यानंतरचे पहिले काही सेकंद

कंट्रोलर तिन्ही फेजचा व्होल्टेज सतत मोजत असतो. लाईट पूर्ण जाण्याचीच तो वाट पाहत नाही. एक फेज उडाला किंवा व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेखाली घसरला, तरी त्याच्या लेखी पुरवठा गेलेलाच असतो. कारण थ्री फेज मोटर दोनच फेजवर चालत राहिली तर तिचं वाइंडिंग जळतं. पाण्याच्या पंपाची मोटर जळलेल्या सोसायट्यांना हे वेगळं सांगायला नको.

मात्र पुरवठा गेल्या क्षणी इंजिन सुरू होत नाही. कंट्रोलर आधी काही सेकंद थांबतो. लाईट नुसती लुकलुकली आणि परत आली, तर उगाच इंजिन का पेटवायचं? तेवढा वेळ गेला की तो डिझेलचा मार्ग उघडतो आणि सेल्फ मारतो. इंजिनाने स्वतःचा वेग धरला की सेल्फ लगेच बाजूला करतो. इंजिन नाहीच धरलं, तर काही सेकंदांनी थांबून दम खातो आणि पुन्हा प्रयत्न करतो. बहुतेक ठिकाणी असे ३ प्रयत्न ठरवलेले असतात. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर भोंगा वाजतो आणि स्क्रीनवर 'फेल टू स्टार्ट' येतं. सलग सेल्फ मारत राहिलं तर स्टार्टर मोटर तापते आणि बॅटरी उतरते, म्हणून ही मधली विश्रांती.

भारतात विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे. त्यासाठी सोसायट्या-कारखान्यांतले बहुतेक डिझेल जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतात. तो वेग आणि व्होल्टेज स्थिर झाला, याची खात्री पटल्यावरच कंट्रोलर लोड जोडतो. सगळं सुरळीत असेल तर अंधार पडल्यापासून इथपर्यंत साधारण १० ते २० सेकंद जातात. अमेरिकेत हॉस्पिटलच्या जीवरक्षक सर्किटांसाठी ही मर्यादा १० सेकंदांची आहे. व्हेंटिलेटरला एवढी फटही चालत नाही, म्हणून त्याची स्वतःची बॅटरी किंवा यूपीएस असतो. जनरेटर यूपीएसची जागा घेत नाही, तो यूपीएस संपायच्या आत पोहोचतो.

लाईट आली तरी जनरेटर चालूच का?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. लाईट आल्यावरही जनरेटर काही मिनिटं घरघरत असतो आणि डिझेल फुकट जातंय असं वाटतं. पण परत आलेला पुरवठा लगेच पुन्हा जाऊ शकतो. म्हणून कंट्रोलर तो स्थिर राहतोय का, हे आधी पाहतो आणि मगच लोड मेन्सवर देतो. त्यानंतर इंजिन बिनलोडचं आणखी काही मिनिटं चालतं. तापलेलं इंजिन, विशेषतः टर्बोचार्जर असलेलं, एकदम बंद केलं तर तेल आणि पाणी फिरायचं थांबतं आणि उष्णता आतच कोंडते. तेवढं डिझेल वाचवायला जाल तर टर्बोच्या दुरुस्तीत ते अनेक पटींनी जाईल.

सगळ्यात धोकादायक चूक: उलटा पुरवठा

लोड मेन्सवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचला चेंजओव्हर म्हणतात. तो मेन्सला किंवा जनरेटरला, दोहोंपैकी एकालाच जोडलेला असला पाहिजे. नीट बसवलेल्या पॅनलमध्ये त्यासाठी इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल असे दोन्ही अटकाव असतात, म्हणजे एक बाजू लागलेली असताना दुसरी लागूच शकत नाही.

चेंजओव्हर न बसवता जुगाड करून जनरेटर थेट वायरिंगला जोडला, तर वीज उलट्या दिशेने वीज कंपनीच्या लाईनवर जाते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे सुमारे ४०० व्होल्ट करतो. उलट्या बाजूने वीज आली की तोच ट्रान्सफॉर्मर ४०० चे पुन्हा ११,००० करतो. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाती ती तार असते. लग्नाच्या मांडवात किंवा दुकानात भाड्याने आणलेला छोटा जनरेटर सॉकेटमधून जोडतात, तेव्हाही धोका हाच असतो. दोन रुपये वाचवायला कुठेही हात आखडता घ्या, चेंजओव्हरवर नको.

इंजिनाचा पहारेकरी

जनरेटर चालू असताना कंट्रोलर ऑइलचा दाब, कूलंटचं तापमान, इंजिनाचा वेग, व्होल्टेज, करंट आणि बॅटरी यांच्यावर नजर ठेवतो. काही गोष्टींवर तो फक्त इशारा देतो, उदाहरणार्थ डिझेल कमी झालं किंवा बॅटरी चार्ज होत नाही. काहींवर तो इंजिन बंदच करतो. ऑइलचा दाब पडला, पाणी उकळायला लागलं किंवा वेग हाताबाहेर गेला, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो.

इथे एक गंमत आहे. इंजिन सुरू होताना ऑइलचा दाब शून्यच असतो. कंट्रोलरने तेव्हाच तो तपासला तर जनरेटर कधीच सुरू होणार नाही. म्हणून सुरुवातीचे काही सेकंद तो या बाबतीत मुद्दाम काणाडोळा करतो.

काही कंट्रोलरमध्ये ही संरक्षणं ठरवून बंद ठेवण्याचीही सोय असते. आग लागली आहे आणि आगीचा पंप याच जनरेटरवर चालतोय, अशा वेळी इंजिन तापलं तरी चालू राहणं जास्त महत्त्वाचं. इंजिन जळालं तर जळू दे, पाणी चालू राहिलं पाहिजे.

ऐन वेळी जनरेटर का सुरू होत नाही?

नेहमीचा गुन्हेगार बॅटरी. मीटर लावला तर १२ व्होल्ट छान दिसतात, पण स्टार्टर शेकड्यांनी अँपिअर ओढायला लागला की जुनी बॅटरी बसते. कंट्रोलरचा मेंदूही याच बॅटरीवर चालत असल्याने कधी कधी सेल्फ मारताक्षणी स्क्रीनच विझते.

दुसरं कारण जास्त चीड आणणारं आहे. सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक कंट्रोलर 'स्टॉप' किंवा 'मॅन्युअल'वर ठेवतो, काम आटोपतो आणि परत 'ऑटो'वर टाकायला विसरतो. जनरेटर ठणठणीत, टाकी भरलेली, नवं ऑइल घातलेलं, आणि लाईट गेल्यावर ढिम्म हलत नाही. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण दाबलेलंच राहणं हाही त्यातलाच प्रकार. मेकॅनिकच्या कागदावर सही करण्याआधी 'ऑटो'चा दिवा स्वतः पाहिला तर हे टळतं. त्याहून चांगलं म्हणजे त्याच्यासमोरच मेन्सचा ब्रेकर पाडून जनरेटर लोड घेतो का, ते पाहणं.

टेस्टिंगही लोडवर हवं. दर आठवड्याला नुसता रिकामा चालवून बंद केला, तर डिझेल पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमध्ये काळा, तेलकट साका जमतो.

कंट्रोलर आपलं काम चोख करतो आणि तरीही अंधार होतो, असंही घडतं. ११ मार्च २०११ ला जपानमधल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात भूकंपानंतर डिझेल जनरेटर आपोआप सुरू झाले होते. सुमारे ५० मिनिटांनी आलेल्या त्सुनामीने ते जवळपास सगळे बंद पाडले. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन हॉस्पिटलचं तळघर बुडालं. काही जनरेटर वरच्या मजल्यांवर सुरक्षित होते, पण त्यांना इंधन पोचवणारे पंप खाली होते. ३०० हून अधिक रुग्णांना हलवावं लागलं. तळमजल्याखाली पॅनल बसवलेल्या आपल्याकडच्या सोसायट्यांनी हे पावसाळ्याआधी वाचावं असं आहे.

मोबाईलवर जनरेटर

नव्या कंट्रोलरना सिमकार्डचा मोडेम जोडता येतो. मग डिझेल किती, इंजिन किती तास चाललं, कोणता अलार्म आला, हे सगळं फोनवर दिसतं. मोबाईल टॉवरच्या जनरेटरवर याचा मोठा उपयोग डिझेलचोरी पकडायला होतो. इंजिन बंद असताना टाकीतली पातळी झपकन खाली आली, तर ते डिझेल इंजिनाने प्यायलेलं नसतं. अर्थात सिमचं रिचार्ज संपलं की हा सगळा थाट तिथेच थांबतो.

मोडेम नसला तरी बहुतेक कंट्रोलर घडलेल्या गोष्टींची नोंद आतल्या आत ठेवतात: कधी सुरू झाला, कधी ट्रिप झाला, कशामुळे. वॉचमन म्हणतो जनरेटर चाललाच नाही आणि ठेकेदार म्हणतो चालला, तेव्हा भांडण या नोंदीवर मिटतं. फक्त कंट्रोलरमधली तारीख आणि वेळ बरोबर लावलेली असली पाहिजे.