रावसाहेब मंडलिक आणि कायद्याची मर्यादा

विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म १८३३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरुड येथें झाला. १८६४ मध्यें त्यांनीं 'नेटिव्ह ओपिनियन' पत्र काढलें. १८७४ मध्यें ते मुंबईच्या कायदे-कौन्सिलांत आणि १८८४ मध्यें व्हाइसरॉयांच्या कौन्सिलांत गेले. जुन्या वळणाच्या हिंदूंची बाजू तेथें त्यांच्याइतक्या अधिकारानें मांडणारा दुसरा सभासद क्वचितच होता.

१८६१ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या त्या सभांतील सभासद सरकारनें नेमलेले असत, आणि पुढें आलेल्या मसुद्यापलीकडे बोलण्याची त्यांस मुभा नसे. अशा ठिकाणीं शब्दाला वजन आणावयाचें तर तें व्यासंगानेंच. मंडलिकांपाशीं तो विपुल होता. नीळकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' आणि याज्ञवल्क्यस्मृति हे ग्रंथ इंग्रजींत उतरवून त्यांनीं १८८० मध्यें प्रसिद्ध केले.

हिंदूंचा आचार शास्त्र व रूढि यांनीं बांधलेला आहे. तो बदलावयाचा तर समाजानेंच बदलावा, परक्या सरकारनें नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १८८४ मध्यें पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांविरुद्ध सरकारकडे दाद मागितली, तेव्हां मंडलिकांनीं विरोध केला. १८८६ मध्यें सरकारनेंही कायदा करण्याचें नाकारलें. लोकांनीं न निवडलेल्या सभेनें लोकांच्या घरांत हात घालावा काय, ही शंका पोकळ नव्हती.

मात्र तिची दुसरी बाजू कोंकणांत दिसते. १८८० चा खोती कायदा कुळांच्या हक्कांना व देण्याला सरकारी नोंदीचा आधार देऊं पाहत होता. स्वतः खोत असलेले मंडलिक त्या वादांत खोतांच्या बाजूनें उभे राहिले. येथें रूढि राखणें म्हणजे कुळाच्या माथ्यावरील भार राखणें होतें.

१८८९ मध्यें मंडलिक निवर्तले. दोनच वर्षांनीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. १९२९ चा बालविवाह-प्रतिबंधक कायदा तर हरबिलास सारडा या निवडून आलेल्या हिंदु सभासदाच्या मसुद्यांतूनच झाला. खोती मोडण्यासाठीं १९३७ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या असेंब्लींत बिल आणलें. ती संपली १९४९ च्या कायद्यानें.

कायदा कोणी करावा, या मंडलिकांच्या प्रश्नाला काळानें असें उत्तर दिलें. तोंवर कोणी थांबावें, हा प्रश्न मात्र कौन्सिलांत निघालाच नाहीं. कारण ज्यांना थांबावें लागलें, त्या मुलींना आणि कुळांना तेथें खुर्ची नव्हती.