लहान इंजिनाची पाठचिकित्सा

महाराष्ट्रातील रेल्वेचा इतिहास आपण १६ एप्रिल १८५३ या तारखेपासून सांगतो. बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली गाडी, तिचे चौदा डबे, चारशे निमंत्रित पाहुणे, एकवीस तोफांची सलामी हा तपशील शालेय पुस्तकांपासून स्मरणिकांपर्यंत सर्वत्र आढळतो. त्याआधी वर्षभर, १८५२च्या फेब्रुवारीत, भायखळ्याच्या परिसरात एक वाफेचे इंजिन बांधकामाच्या कामावर धावत होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते ठेकेदाराचे इंजिन होते. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचे नाव त्याला देण्यात आले होते. त्याच्यामागे पाहुण्यांचे डबे नव्हते आणि त्याला सलामीही मिळाली नाही. रूढ इतिहासग्रंथांत त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते. तीत गव्हर्नरांचे नाव असते. इंजिनाला चाके किती होती, त्याचे धुरांडे किती उंच होते, हे नसते.

इतिहासलेखनाला अशा एका ओळीवर भागवता येते. 'एक लहानसे इंजिन' असे लिहिले की वाक्य पूर्ण होते आणि वाचकही पुढे जातो. परंतु त्याच इंजिनाची प्रतिकृती करायला बसलेल्या माणसाला ही सवलत नसते. त्याला चार चाके तरी लावावी लागतात किंवा सहा तरी. 'काही चाके' लावता येत नाहीत. शब्दांच्या आडोशाला लपलेले अज्ञान प्रतिकृतीत उघडे पडते. म्हणूनच तयार जुळणीसंच, म्हणजे किट, घेऊन त्यात फेरफार करत एखादे अपरिचित कामकरी इंजिन उभे करणे हा केवळ हौशी लोकांचा फावल्या वेळचा उद्योग आहे, असे आम्हां साहित्याच्या अभ्यासकांनी मानू नये. पुराव्यांची छाननी करण्याची ती एक कठोर पद्धत आहे आणि तिचे नाते आपल्या पाठचिकित्सेशी आहे.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला या विषयाशी काय देणेघेणे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. जी.आय.पी. रेल्वेच्या आरंभीच्या आखणीत सह्याद्री चढण्यासाठी माळशेज घाटाचा विचार झाला होता. जेम्स बर्कले यांच्या पाहणीनंतर तो मागे पडला आणि थळ व बोर हे दोन घाट निवडले गेले. रूळ १८५५ साली वाशिंदला, १८६१ साली कसाऱ्याला आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचले. शहापूर तालुक्याला रेल्वे मिळाली, मुरबाडला मिळाली नाही. दोन शेजारी तालुक्यांच्या नशिबात दीड शतकाहून अधिक काळ जो फरक राहिला, त्याचे मूळ या निवडीत आहे. ३७ फुटांना एक फूट असा थळ घाटाचा चढ ज्या हातांनी कोरला, त्यांची नावे आपल्या इतिहासात नाहीत. ती कामे करणाऱ्या यंत्रांची रूपेही नाहीत. अभियंता आणि गव्हर्नर नावानिशी उरतात. मजूर आणि मजूर-इंजिने उरत नाहीत. तेव्हा अशा इंजिनाचे रूप शोधणे म्हणजे इतिहासाच्या कोणत्या थराकडे पाहायचे, हे ठरवणे होय.

पद्धत समजून घ्यायची तर ज्याचा मूळ नमुना अजून उभा आहे असे उदाहरण घ्यावे. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशाने आणि अब्दुल हुसेन पीरभॉय यांच्या चिकाटीने ती झाली. तिच्यासाठी बर्लिनच्या 'ओरेनस्टाइन अँड कॉपेल' या कारखान्याने १९०५ ते १९०७ या काळात चार इंजिने बांधली. पुढे ती ७३८ ते ७४१ या क्रमांकांनी ओळखली गेली. हा कारखाना खाणी, मळे, वीटभट्ट्या आणि बांधकामे यांच्यासाठी अरुंद रुळांची इंजिने जगभर विकणारा. माथेरानचे इंजिन प्रवासी ओढत असले तरी त्याची कुळी अशी कामकऱ्यांची आहे. ही चारही इंजिने नामशेष झाली नाहीत. ७४० क्रमांकाचे इंजिन आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड येथील छोट्या रेल्वेकडे आहे आणि एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहता येते.

या इंजिनाची प्रतिकृती करू पाहणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न प्रमाणाचा. माथेरानच्या दोन रुळांतील अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. एकास ८७ या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात ते सात मिलिमीटर होते. पण बाजारात सहज मिळणारे अरुंद रूळ आणि त्यांवर चालणारे सांगाडे नऊ मिलिमीटरचे. एकास ८७ने मोजल्यास हे नऊ मिलिमीटर प्रत्यक्षातील ७८३ मिलिमीटर भरतात. म्हणजे अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेला ते जवळपास चालतील, माथेरानला नाही. (दोन्ही रेल्वेंच्या इंजिनांमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा एकच अभियंता होता, हा एक गमतीचा योग.) एकास ७६ हे प्रमाण घेतले तर हेच रूळ ६८४ मिलिमीटर दाखवतात, चूक सुमारे बारा टक्क्यांवर येते. एकास १९ हे प्रमाण आणि ३२ मिलिमीटरचे रूळ घेतले तर हिशेब जवळपास तंतोतंत जुळतो; मात्र मग प्रतिकृती टेबलावरची राहत नाही, तिला अंगण लागते आणि खर्चही वाढतो. थोडक्यात, कोणते सत्य राखायचे आणि कोणते सोडायचे, हे कानस हाती घेण्यापूर्वीच ठरवावे लागते. अनुवादकाला छंद राखायचा की अर्थ, हा प्रश्न पडतो, तसेच हे आहे.

दुसरा प्रश्न सांगाड्याचा. माथेरानची वळणे इतकी आवळ आहेत की सहा चाकांचे ताठ इंजिन तेथे अडकून बसले असते. म्हणून या इंजिनांच्या पहिल्या आणि तिसऱ्या आसाला 'क्लीन-लिंडनर' रचना दिली होती. आतला भरीव आस दांड्यांच्या जोरावर फिरतो. त्याच्याभोवती एक पोकळ आस असतो आणि चाके या पोकळ आसावर बसवलेली असतात. मधोमध असलेल्या सांध्यामुळे चाकांची ही जोडी वळणावर किंचित कलते. तयार संचातील सांगाडा बहुधा ताठ असतो. टाक्या, धुरांडे, चालकाची खोली हे बाह्यरूप प्लास्टिकचे किंवा पितळेचे पत्रे कापून हवे तसे बदलता येते. कापलेल्या जागी लांबी भरून, घासून, रंग दिला की जोड दिसतही नाही. पण आतले आस ताठच राहिले तर इंजिन माथेरानचे दिसेल, माथेरानच्या वळणावर चालणार नाही. ओव्यांचे वृत्त अचूक, पण आत ओवीची चाल नाही, अशा नकली रचनेसारखी ही गोष्ट.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि तो सर्वांत अवघड. पाऊणशे वर्षे राबलेल्या इंजिनाचे भाग वेळोवेळी बदलले जातात. आज संग्रहालयात उभे असलेले इंजिन हे १९०७चे इंजिन नव्हे. त्यावर पुढच्या प्रत्येक पिढीतील दुरुस्तीचा थर चढलेला आहे. जुन्या छायाचित्रावरून मापे काढता येतात. चाकाचा व्यास ठाऊक असेल तर त्या मानाने धुरांड्याची उंची मोजता येते. पण छायाचित्र एका बाजूचे असते. दुसरी बाजू कल्पनेने भरावी लागते.

येथे पाठचिकित्सेची आठवण अपरिहार्य ठरते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. उत्तम पाठातही अशुद्धे शिरली होती, म्हणून त्यांनी तो प्रतिशुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घातल्यास ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असे बजावले. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली वेगळ्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हा कोणता पाठ मूळचा, हा वाद नव्याने उभा राहिला. आपण हे सारे वर्गात शिकवतो. प्रतिकृती करणारा याच वाटेने जातो. फरक एवढाच की त्याला नरोटी टाळताच येत नाही. छायाचित्रात न दिसणारी बाजू रिकामी सोडली तर इंजिन उभेच राहणार नाही. मग प्रामाणिकपणाचा एकच मार्ग उरतो: आपली ओवी कोणती, हे सांगणे. प्रतिकृतीशेजारी एक टिपण असावे. मोजून केलेले भाग कोणते, छायाचित्रावरून काढलेले कोणते आणि निव्वळ अनुमानाचे कोणते, हे त्यात नोंदलेले असावे. असे टिपण नसलेली सुबक प्रतिकृती ही पाठभेद न देणाऱ्या सुबक आवृत्तीइतकीच फसवी असते. आणि चाकांची संख्याही ठाऊक नसलेले 'फॉकलंड' कोणी उभे केलेच, तर त्याचे टिपण इंजिनापेक्षा लांब होईल. व्हायलाच हवे.

एक फेरफार मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रुळांशेजारी ठेवण्यासाठी माणसांच्या चिमुकल्या आकृत्याही विकत मिळतात. त्यांत टोप्या घातलेले युरोपीय फलाटवाले असतात, कोट घातलेले प्रवासी असतात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई किंवा पागोटे बांधलेला खडी फोडणारा मजूर सहसा नसतो. तो कापून, घडवून, रंगवून आपल्यालाच करावा लागतो. भारतीय मोठ्या रुळांमधील अंतर पाच फूट सहा इंच. त्याच उंचीचा माणूस घेतला, तर एकास ८७च्या प्रमाणात दोन्ही मापे १९ मिलिमीटर भरतात. आडवा झालेला एक माणूस दोन रुळांमधली जागा नेमकी भरून काढतो. घाटात मेलेल्यांच्या कहाण्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या मापाचे वेगळे स्पष्टीकरण नको.

पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहायला मिळते. तेथे मुले चालत्या गाड्या पाहून हरखतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या महाविद्यालयांत मात्र थोडे वेगळे काम करता येईल. इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी मिळून विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक साधा संच द्यावा आणि थळ घाटाच्या कामावरचा एक प्रसंग उभा करायला सांगावा. परीक्षण प्रतिकृतीचे करू नये, शेजारच्या टिपणाचे करावे. आसनगाव-कसाऱ्याहून लोकलने येणारी आणि मुरबाडहून एस.टी.ने येणारी मुले एकाच टेबलाभोवती बसून तो मजूर कापू लागली की त्याच्या पागोट्याचा रंग कोणता, हा प्रश्न त्यांना पडेल. आणि उत्तर शोधायला ती आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांकडे जातील.