बिशपांनी दिलेला शब्द

धर्मग्रामात काम करताना कागदावर साक्षीदार म्हणून सही करण्याचा प्रसंग कितीदा तरी येतो. लोक म्हणतात, “फादरांची सही आहे ना, मग झाले!” ह्या ‘मग झाले’ला केवढा भार असतो, हे मला उमगले ते कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील डेने ह्या आदिवासींच्या कराराचा इतिहास वाचताना.

१९२० साली मॅकेन्झी नदीकाठी नॉर्मन वेल्स येथे खनिज तेल सापडले. तोवर ह्या हिमप्रदेशातील लोकांशी करार करण्याची ऑटावाच्या सरकारला निकड वाटली नव्हती. तेल सापडले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात आयुक्त हेन्री कॉनरॉय कराराचा मसुदा घेऊन नदीमार्गे निघाले. मसुदा ऑटावातच लिहून तयार होता. त्याबाहेरचे एकही आश्वासन देऊ नये, अशी आयुक्तांना ताकीद होती. सोबत होते मॅकेन्झीचे बिशप गाब्रिएल ब्रेना, ओब्लेट संघाचे फ्रेंच मिशनरी. सरकारला ते हवे होते, कारण सरकारवर नसला तरी बिशपांवर लोकांचा विश्वास होता.

ठिकठिकाणी डेने पुढाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: आमची शिकार, आमची मासेमारी, आमचे हिंडणेफिरणे पूर्वीसारखे राहील ना? राहील, असे त्यांना तोंडी सांगण्यात आले आणि त्या शब्दाला बिशपांनी दुजोरा दिला. कागदात मात्र वेगळेच होते. भूमीवरील सर्व हक्क सोडून दिल्याचे त्यात लिहिले होते आणि शिकारीची मुभाही सरकार वेळोवेळी करील त्या नियमांच्या अधीन होती. ज्यांनी जमीन कधी विकण्याची वस्तू मानलीच नव्हती, त्यांना ‘हक्क सोडून देणे’ म्हणजे काय, हे दुभाष्याने कोणत्या शब्दांत समजावले असेल? डेने लोकांच्या दृष्टीने तो मैत्रीचा आणि शांततेचा करार होता. दरवर्षी मिळणारे माणशी ५ डॉलर ही त्या मैत्रीची खूण होती, भूमीची किंमत नव्हे.

पुढे शिकारीवर निर्बंध आले. बाहेरून आलेल्या गोऱ्या शिकाऱ्यांनी रानेच्या राने रिकामी केली. बिशप ब्रेना अस्वस्थ झाले. आपण दिलेला शब्द आपल्या देखत मोडला जात होता. त्यांनी सरकारदरबारी खलिते धाडले आणि करारप्रसंगी हजर असलेल्यांची शपथपत्रे जमविली. अखेरीस १९३८ साली टोरोंटोच्या वृत्तपत्रात त्यांनी लेख लिहिला. ‘कॅनडावरील सर्वांत काळा डाग’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. १९५४ साली ते वारले. त्यांच्या हयातीत फारसे काही बदलले नाही.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ह्याच मिशनांच्या निवासी शाळांत आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडले गेले. त्याबद्दल पोप फ्रान्सिस ह्यांनी जुलै २०२२ मध्ये कॅनडात जाऊन क्षमा मागितली. लोकांच्या बाजूने शपथपत्रे जमविणारी आणि त्यांच्या मुलांची भाषा हिरावणारी संस्था एकच होती. इतिहास वाचताना दोन्ही पाने उघडी ठेवावी लागतात.

ब्रेनांच्या पश्चात हे काम उचलले ते दुसऱ्या एका ओब्लेट धर्मगुरूने. फादर रने फ्युमोलो १९५३ साली उत्तरेत आले. त्यांनी सरकारी दप्तरे धुंडाळली, शिवाय वस्त्यांवर जाऊन वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या. दप्तरात भूमी दिल्याची नोंद होती. वृद्धांच्या स्मरणात भूमीचा विषय निघाल्याचेसुद्धा नव्हते. १९७५ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. करारांवर बोलणारा कोणीही आज तो टाळून पुढे जाऊ शकत नाही.

तत्पूर्वी, १९७३ साली, फ्रान्स्वा पॉलेट ह्यांच्यासह सोळा डेने प्रमुखांनी सुमारे ४ लाख चौरस मैलांवर आपला हक्क नोंदवावा, अशी मागणी केली. न्यायमूर्ती विल्यम मॉरो वृद्धांची साक्ष ऐकण्यासाठी स्वतः त्यांच्या वस्त्यांवर गेले. १९२१ साली प्रत्यक्ष हजर असलेली काही माणसे तेव्हा जिवंत होती. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्या स्मरणाला प्रथमच छापील कागदाच्या बरोबरीने आसन मिळाले. करारामुळे डेने लोकांचा भूमीवरील हक्क संपला, ह्याविषयी न्यायमूर्तींनी गंभीर शंका नोंदविली. वरिष्ठ न्यायालयाने तो दावा तांत्रिक कारणाने अमान्य केला, तरी मूळ शंका काही पुसली गेली नाही. सरकारला पुन्हा वाटाघाटींना बसावे लागले.

त्या वाटाघाटींतून डेने लोकांपैकीच्या त्लीचो जमातीने २००३ साली नवा करार केला. २००५ पासून तो अमलात आहे. सुमारे ३९,००० चौरस किलोमीटर भूमी आणि स्वतःचे शासन त्यांना लाभले. ह्या करारातील एका विस्तीर्ण प्रदेशाला १९२१ चे त्यांचे प्रमुख मोन्फ्वी ह्यांचे नाव आहे. सूर्य उगवतो, नदी वाहते, भूमी हलत नाही, तोवर आमच्या जगण्यावर बंधन येणार नाही, अशी अट मोन्फ्वींनी घातल्याचे त्लीचो पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. कराराच्या छापील मसुद्यात ती अट नाही. ती आहे त्लीचोंच्या ध्वजावर: निळ्या कापडावर चार वस्त्यांचे चार तंबू, उगवता सूर्य आणि वाहती नदी.