एकवीस शिलिंग आठ पेन्स

यॉर्कला जाणारा माणूस साधारण चार गोष्टी बघतो आणि दोन गोष्टी खातो. बघायचं म्हणजे मिन्स्टर हे अवाढव्य कॅथीड्रल, गावाभोवतीचा जुना तट, शॅम्बल्स नावाची वाकडी गल्ली आणि व्हायकिंगांचं संग्रहालय. खायचं म्हणजे यॉर्कशायर पुडिंग आणि चहाबरोबर स्कोन. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून वेगवान गाडीने दोन तासांत पोचता येतं, त्यामुळे शनिवार-रविवारात सगळं बसतं. मीही ते सगळं केलं. पण माझं यॉर्कला जायचं कारण वेगळं होतं. आपण बातम्यांत ज्या 'दारिद्र्यरेषे'बद्दल ऐकतो, तिचा पहिला नीट हिशेब १८९९ साली याच गावात, घरोघर फिरून मांडला गेला.

सुरुवात शॅम्बल्सपासून करू. गल्ली इतकी अरुंद की वरचे मजले एकमेकांच्या अंगावर रेललेत. हा पूर्वी खाटीकबाजार होता. मांस मांडायच्या फळ्यांवरूनच गल्लीचं नाव पडलंय आणि काही दुकानांच्या खिडक्यांखाली त्या रुंद फळ्या अजून दिसतात. १८७२ मध्ये इथे खाटकांची २५ दुकानं होती. आज एकही नाही. आता जादूच्या छड्या आणि फज विकला जातो, आणि प्रत्येक जण हॅरी पॉटरच्या नावाने फोटो काढतो. याच गल्लीत मार्गारेट क्लिथरो नावाच्या खाटकाच्या बायकोचं स्मृतिस्थळ आहे. कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या आरोपावरून १५८६ मध्ये तिला दगडांच्या वजनाखाली चिरडून मारलं. लोक आत डोकावतात, दोन सेकंद गंभीर होतात आणि पुढे जातात. टुरिस्टाचं असंच असतं.

माझ्या डोक्यात मात्र मांसच घोळत होतं. कारण १८९९ सालच्या त्या हिशेबात खाटकाकडच्या ताज्या मांसाला जागाच नव्हती.

हिशेब करणारा होता सीबोम राउंट्री, वय वर्षं २८. बाप जोसेफ राउंट्री, क्वेकर पंथाचा, कोको आणि चॉकलेटच्या मोठ्या कारखान्याचा मालक. तुम्ही खाता ते किटकॅट याच कंपनीने १९३५ मध्ये काढलं; १९८८ मध्ये नेस्लेने अख्खी कंपनी विकत घेतली. (क्वेकर म्हणून त्यांना फार गोड समजू नका. यांच्यासारख्या कंपन्यांना लागणारा काही कोको पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावरून यायचा. तिथे वेठबिगारी चालते हे कळूनही बहिष्कार घालायला १९०९ उजाडलं.)

सीबोम रसायनशास्त्र शिकलेला होता आणि त्याने गरिबीकडेही तसंच बघितलं. त्याच्या आधी चार्ल्स बूथने लंडनमधली गरिबी मोजली होती, पण तिथे तपासनिसांच्या अंदाजावर बरंच चालायचं. सीबोमने विचारलं, माणसाचं शरीर नुसतं चालू ठेवायला किती अन्न लागतं आणि ते यॉर्कमध्ये कितीला पडतं? त्याच्या माणसांनी ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा केली, म्हणजे ४६,७५४ माणसांची. गावातले जवळपास दोनतृतीयांश लोक यात आले.

आईबाप आणि तीन मुलं अशा घराला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असं उत्तर आलं. अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, कपडे-कोळसा-दिवाबत्ती वगैरेला ४ शिलिंग ११ पेन्स. जेवण म्हणजे ब्रेड, ओटची लापशी, साय काढलेलं दूध, वाटाण्याचा घट्ट गोळा. सरकारी अनाथगृहवजा 'वर्कहाउस'मध्ये धडधाकट कंगालांना मिळायचं त्याहूनही हे हलकं होतं. मोटार नाही, बस नाही, वर्तमानपत्र नाही, गावाबाहेर कामाला गेलेल्या लेकीला पत्र पाठवायचं तिकीट नाही, तंबाखू नाही, पोराला खेळणं नाही. त्याने मुद्दाम रेषा इतकी खाली ओढली की कुणाला म्हणता येऊ नये, हा लाड करतोय.

तरीही यॉर्कमधले २०,३०२ लोक गरीब निघाले. गावातले २७.८४ टक्के. त्यात साधारण दहा टक्क्यांची कमाई त्या रेषेपर्यंतच पोचत नव्हती; बाकीच्यांची पोचायची, पण दुसरीकडे खर्च होऊन हातात कमी उरायचं. पहिल्या गटाचं कारण बघा: त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या घरी कमावता माणूस नियमित कामावर होता. दारू नाही, आळस नाही. पगारच कमी.

हे डोक्यात ठेवून मी एका पबमध्ये जेवायला बसलो. यॉर्कशायर पुडिंग म्हणजे गोड पदार्थ नाही. मैदा, अंडी, दूध यांचं पातळ पीठ गरम चरबीत ओतून भट्टीत फुगवलेली वाटी. आता ती भाजलेल्या मांसाबरोबर एकाच ताटात येते. जुन्या घरांत मात्र आधी नुसतं पुडिंग आणि ग्रेव्ही वाढायचे, म्हणजे पोटं निम्मी भरतात आणि मांसाचा छोटा तुकडा सगळ्यांना पुरतो. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालायचं, त्यातलाच प्रकार. चव झकास होती हेही सांगतो. आणि तंगी आली की घरात आधी कोण उपाशी राहतं, हेही सीबोमने लिहून ठेवलंय: बायको आणि मुलं. हे कळायला आपल्याला यॉर्कला जावं लागत नाही.

शॅम्बल्सपासून चालत पाच-दहा मिनिटांवर, फॉस नदीच्या काठी हंगेट आहे. सीबोमच्या पुस्तकातली ही बदनाम वस्ती. १९३०च्या दशकात ती पाडली. आता तिथे चकचकीत फ्लॅट आहेत.

दुपारी बेटीज या टीरूमबाहेर रांगेत उभा राहिलो. याचा स्विस मालक १९३६ मध्ये 'क्वीन मेरी' या नव्या आलिशान जहाजावरून फिरून आला आणि तसाच थाट त्याने इथे उभा केला. योगायोग असा की १९३६ मध्येच सीबोमने यॉर्कची दुसरी पाहणी केली. यावेळी त्याने रेषा वर उचलली: वर्तमानपत्र, रेडिओ, थोडी बिअर-तंबाखू धरली. त्या मापाने कामगार वर्गातले ३१.१ टक्के लोक खाली होते.

पहिल्या पाहणीचं पुस्तक निघालं १९०१ मध्ये. त्याच वर्षी लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचं 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' निघालं. दादाभाईंनी तर १८७६ मध्येच तुरुंगातल्या कैद्यांचा आणि जहाजावरच्या मजुरांचा शिधा धरून हिशेब मांडला होता. जगायला माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात, आणि सरासरी उत्पन्न २० रुपये. म्हणजे वर्कहाउस तिकडे, तुरुंग इकडे. मोजपट्टी एकाच जातीची.

पुढे १९७१ मध्ये पुण्यात, गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २,२५० कॅलरींवरून भारताची रेषा काढली: १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस.

राउंट्रीचं पुस्तक आल्यावर हेलन बोसांके यांच्यासारख्या समाजसेवेतल्या मंडळींनी तक्रार केली की याने गरिबी फुगवून सांगितली. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात शहरासाठी दिवसाला ३२ रुपयांचा आकडा दिला, तेव्हा टीव्हीवरची ओरड बरोबर उलटी होती.