मोटारसायकल इंजिनांविषयी चालकांची पसंती (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील मोटारसायकलचालकांची इंजिनाविषयीची पसंती १९८० च्या दशकापासून मुख्यतः दोन प्रकारांमध्ये विभागलेली दिसते. दोन धावांचे म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन आणि चार धावांचे म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन, हे ते दोन प्रकार होत. डिझेल इंजिन, द्रवशीतित इंजिन आणि अलीकडे नैसर्गिक वायूवर चालणारे इंजिन यांनाही आपापला चाहतावर्ग लाभला. तथापि राज्यातील रस्त्यांचे रूप बदलले ते पहिल्या दोहोंतील स्पर्धेने. ही स्पर्धा वेगाच्या आवडीनिवडीतून सुटली असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात ग्रामीण व निमशहरी चालकाच्या बाबतीत इंधनखर्च हाच निर्णायक घटक ठरला आणि प्रदूषणविषयक नियमांनी त्यावर अखेरची मोहोर उमटवली.

इंजिनांतील फरक

दट्ट्याचा, म्हणजे पिस्टनचा, सिलिंडरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास म्हणजे एक धाव. चार धावांच्या इंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व निष्कास या चार क्रिया चार स्वतंत्र धावांत होतात. म्हणजे क्रँकदंडाच्या दोन फेऱ्यांमागे एकदा शक्ती मिळते. दोन धावांच्या इंजिनात हेच चक्र एका फेरीत पुरे होते. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक अश्वशक्ती मिळते, जरी प्रत्यक्षात ती दुप्पट होत नाही. साध्या दोन धावांच्या इंजिनात झडपा व कॅमदंड नसल्याने हलणारे भाग कमी असतात आणि ते हलके व दुरुस्तीला सोपे असते.

या सोपेपणाची किंमत मात्र आहे. ताजे मिश्रण आत येत असतानाच जळलेला वायू बाहेर जात असल्यामुळे न जळलेल्या इंधनाचा काही भाग थेट सायलेन्सरवाटे निघून जातो. शिवाय क्रँकपेटीत वंगणाचा वेगळा साठा नसतो. तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागते किंवा वेगळ्या टाकीतून पंपाने सोडावे लागते, आणि ते इंधनाबरोबरच जळते. निळसर धूर, प्लगवर साचणारी काजळी आणि सायलेन्सरमधील कार्बन ही या रचनेची ओळख होय. उतारावर ॲक्सिलरेटर बंद करून गाडी सोडली की इंधनासोबत वंगणही कमी पोहोचते, आणि इंजिनाचा रोधही फोर-स्ट्रोकइतका मिळत नाही. घाटरस्त्यांवर हा दोष विशेष जाणवतो.

टू-स्ट्रोकचे युग

मोटारसायकलला मराठीत रूढ झालेला ‘फटफटी’ हा शब्द आवाजावरून आला आहे, आणि तो मंद गतीच्या एकसिलिंडरी इंजिनाला जितका शोभतो तितका टू-स्ट्रोकच्या किणकिणाटाला शोभत नाही. तरीही १९६० ते १९९० या काळात रस्त्यावर बहुसंख्येने दिसणाऱ्या दुचाकी टू-स्ट्रोकच होत्या. १९६१ पासून म्हैसूर येथे तयार होणारी जावा व पुढे तिची उत्तराधिकारी येझ्दी, एस्कॉर्ट्सची राजदूत, बजाजच्या स्कूटर या सर्वांचे इंजिन याच प्रकारचे होते. अहमदनगर, सध्याचे अहिल्यानगर, येथील कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली ५० सी.सी.ची लूना ही त्यांतील सर्वांत लहान. तिने सायकल आणि मोटारसायकल यांच्यामधली जागा भरून काढली. खेड्यापाड्यांत बजाजच्या एम-८० ला जे स्थान मिळाले ते मात्र कोणत्याही मोटारसायकलला सहजी मिळाले नाही. हाताने गियर बदलण्याची सोय, मधली मोकळी चौकट आणि दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचे भारे दोन्ही बाजूंना लटकवण्याची मुभा, या कारणांनी ती दूधवाले आणि शेतकरी यांची गाडी झाली.

१९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी तंत्रज्ञानाच्या १०० सी.सी. मोटारसायकली आल्या: इंड-सुझुकी एएक्स १००, यामाहा आरएक्स १०० आणि बजाजची कावासाकीच्या सहकार्याने आलेली केबी १००. याच काळात, १९८५ मध्ये, हीरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकलही बाजारात आली. आरएक्स १०० आणि सीडी १०० यांची तुलना दोन्ही इंजिन-प्रकार समजून घेण्यास सर्वांत सोयीची आहे. दोघींच्या इंजिनाचे घनफळ जवळपास सारखे, सुमारे ९७ ते ९८ सी.सी.; पण यामाहाची शक्ती ११ अश्वशक्तीच्या आसपास, तर हीरो होंडाची सातच्या आसपास. पिकअप हवा असणाऱ्याने पहिली घेतली. एकदा टाकी भरली की बरेच दिवस पंपाकडे फिरकायला लागू नये असे वाटणाऱ्याने दुसरी घेतली, आणि कंपनीच्या जाहिरातींचाही भर नेमका याच मुद्द्यावर होता.

‘ॲव्हरेज’चा हिशेब

मराठी बोलीत ‘ॲव्हरेज’ म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा. नव्या गाडीविषयी विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्या चालकाचे उदाहरण घेता येईल. लिटरला ४० किलोमीटर देणाऱ्या टू-स्ट्रोकला २५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला ६५ देणाऱ्या फोर-स्ट्रोकला साडेपंधरा लिटरांच्या आत भागेल. पेट्रोल १०० रुपये लिटर धरल्यास हा फरक महिन्याला साडेनऊशे रुपयांहून अधिक होतो. लिटरमागे २० मिलिलिटर या प्रमाणात घालावे लागणारे अर्धा लिटर टू-टी तेल त्यात धरलेले नाही. अल्पभूधारक शेतकरी, रोजंदारीवरचा गवंडी किंवा फिरता विक्रेता यांच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नव्हे.

बाजारानेही हाच कौल दिला. बजाजने १९९१ मध्ये कावासाकी-बजाज फोर-एस चॅम्पियन आणली. हीरो होंडाची स्प्लेंडर १९९४ मध्ये आली आणि पुढे देशातील सर्वाधिक खपाच्या मोटारसायकलींत तिने कायमचे स्थान मिळवले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत फोर-स्ट्रोक मोटारसायकलीने टू-स्ट्रोक स्कूटरलाही मागे टाकले होते. पुणे जिल्ह्यातील चाकण येथील कारखान्यातून २००१ मध्ये निघालेल्या बजाज पल्सरने एक जुना आक्षेपही दूर केला. फोर-स्ट्रोक म्हणजे काटकसरी पण मंद, हे समीकरण १५० व १८० सी.सी.च्या या गाड्यांनी मोडले. २००३ मध्ये तिला एका सिलिंडरला दोन प्लग असलेली डीटीएस-आय रचना मिळाली.

उमरखेड व परिसर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला उमरखेड तालुका इंजिनाच्या निवडीवर भूगोल कसा परिणाम करतो हे पाहण्यास उपयुक्त आहे. तुळजापूर–नांदेड–यवतमाळ–बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ उमरखेडवरून जातो. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ असले तरी शेजारचे नांदेड अधिक जवळचे असल्याने उपचार, शिक्षण व खरेदी यांसाठी तिकडचा ओढा मोठा. त्यामुळे येथील रस्त्यांवर यवतमाळची एमएच-२९ आणि नांदेडची एमएच-२६ अशा दोन्ही क्रमांकांच्या गाड्या दिसतात. कापूस, सोयाबीन, ऊस आणि हळद ही येथील प्रमुख पिके आहेत. तालुक्याचा काही भाग पैनगंगा अभयारण्याच्या जंगलात मोडतो.

अशा प्रदेशात एकच गाडी तीन कामे करते. सकाळी शेताची पांदण, दुपारी तालुक्याचा बाजार, अडीनडीला महामार्गावरून नांदेड. पावसाळ्यात काळ्या चिकण मातीच्या पांदणीत चाके आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल बसतो. तेथे कमी फेऱ्यांवर मिळणारा जोर लागतो, उच्च फेऱ्यांवरची अश्वशक्ती कामाची नसते. टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद बहुतांशी वरच्या फेऱ्यांत असते. उन्हाळ्यात विदर्भाचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि हवेने थंड होणारे इंजिन संथ गतीत, मागे पोते लादलेले असताना, लवकर तापते. तेलाचे प्रमाण चुकलेले टू-स्ट्रोक इंजिन अशा वेळी जाम होण्याचा धोका असतो. येथे १०० ते ११० सी.सी.च्या साध्या फोर-स्ट्रोक गाडीने इतका जम बसवला त्याची कारणे याच परिस्थितीत आहेत. तिला सुटे भाग कोठेही मिळतात आणि विकायला काढली तर गिऱ्हाईकही लवकर मिळते.

डिझेल व बुलेट

कमी फेऱ्यांवरचा जोर आणि स्वस्त इंधन यांचा मेळ एनफिल्डच्या डिझेल बुलेटने घातला होता. लोंबार्दिनी आराखड्याचे ३२५ सी.सी. इंजिन असलेली ही गाडी जेमतेम साडेसहा अश्वशक्तीची. वेग बेताचा, कंपने भरपूर, पण ॲव्हरेज भल्याभल्या १०० सी.सी. गाड्यांना लाजवणारे. प्रदूषण नियम कडक होताच २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

पेट्रोलवरील बुलेटची पसंती मात्र हिशेबाच्या पलीकडची आहे. १९५५ पासून मद्रासमध्ये बनणाऱ्या या गाडीचा चाहता ॲव्हरेजबद्दल क्वचितच बोलतो. तो ठोक्याबद्दल बोलतो. २००० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या बिडाच्या इंजिनाची जागा गियरपेटीसह एकसंध घडणीच्या नव्या इंजिनाने घेतली. ते अधिक टिकाऊ व कमी गळके होते, तरी जुना ठोका हरपल्याची खंत अनेक चालकांनी व्यक्त केली. तो आवाज परत मिळवण्यासाठी सायलेन्सर बदलण्याची प्रथा बोकाळली. असे सायलेन्सर जप्त करून ते रोडरोलरखाली चिरडण्याची कारवाई राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी केली आहे.

नियमांचा प्रभाव

दुचाकींसाठी १९९६ व २००० मध्ये उत्सर्जनाच्या मर्यादा कडक झाल्या आणि नवी टू-स्ट्रोक मोटारसायकल बनवणे उत्तरोत्तर अवघड होत गेले. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. येझ्दीही त्याच सुमारास बंद पडली. भारत स्टेज-४ नियमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी दिलेल्या आदेशाने १ एप्रिलपासून जुन्या भारत स्टेज-३ गाड्यांच्या विक्रीस मनाई झाली. उरलेला साठा संपवण्यासाठी मोठ्या सवलती जाहीर झाल्या आणि दोन दिवस विक्रेत्यांच्या दारी झुंबड उडाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाल्यावर मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. गावातील कारागिराच्या स्क्रू-ड्रायव्हरने होणारे ‘ट्यूनिंग’ त्यासोबत मागे पडले आणि बिघाड शोधण्यासाठी स्कॅनर लागू लागला. नियमांची ही बाजू चर्चेत फारशी येत नाही.

टू-स्ट्रोक आता संग्राहकांच्या हाती आहे. सुस्थितीतील आरएक्स १०० तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकली जाते. १५ वर्षांनंतरचे नोंदणी-नूतनीकरण व पर्यावरण कर भरूनही चालक ती राखतात. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण २९३ सी.सी.च्या द्रवशीतित फोर-स्ट्रोक इंजिनासह. बाह्यरूप हुबेहूब जुने असूनही जुन्या चाहत्यांपैकी काहींनी आवाजावरून ते नाकारले.

इंधनबदल

सध्याचा वाद इंजिनापेक्षा इंधनाचा आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे जुन्या गाड्यांचे रबरी भाग झिजतील व ॲव्हरेज घटेल, ही चालकांची तक्रार आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यानेही अशा मिश्रणासाठी न बनवलेल्या दुचाकींची इंधनक्षमता ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असे मान्य केले होते. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे हितसंबंध येथे दुहेरी आहेत: इथेनॉलमुळे कारखान्याला उत्पन्न मिळते आणि त्याच्याच गाडीचे ॲव्हरेज कमी होते.

बजाजने ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सादर केलेली फ्रीडम १२५ ही नैसर्गिक वायूवर चालणारी जगातील पहिली व्यावसायिक मोटारसायकल मानली जाते. तिच्यात आसनाखाली २ किलोचे वायूचे नळकांडे आणि २ लिटरची पेट्रोल टाकी आहे; दोन्ही मिळून सुमारे ३३० किलोमीटर अंतर कापता येते असा कंपनीचा दावा आहे. तिचा ग्राहक ॲव्हरेजचा हिशेब करणारा तोच जुना चालक आहे. ती परवडणार की नाही, हे मात्र वायू भरण्याचा पंप गावापासून किती दूर आहे यावर अवलंबून राहते.